विनर कोण, ते नंतर बघू!

गाडी घ्यायची ठरलं की आपल्या आजूबाजूला किती ऑटोमोबाइल एक्स्पर्ट राहतात, ते कळतं. टीम लीड म्हणतो, ‘डिझेलच्या नादी लागू नकोस.’ सोसायटीतले काका म्हणतात, ‘जपानी इंजिन म्हणजे इंजिन, बाकी सगळे डबे!’ जिममधला मित्र म्हणतो, ‘बॉस, सनरूफ नसेल तर मग घ्यायचीच कशाला?’ आणि आयुष्यभर बसने फिरलेली आत्यासुद्धा ठामपणे सांगते, ‘पांढरी घ्या, विकताना बरी पडते.’

या सगळ्या गोंगाटात एकच आवाज त्यातल्या त्यात शास्त्रीय वाटतो. ऑटो मॅगझिनमधली कम्पॅरिझन टेस्ट. घाटातल्या वळणावर चार गाड्या तिरक्या उभ्या, मागे ढग, कव्हरवर दणदणीत शीर्षक. आत आकड्यांचे तक्ते, स्टार्स, आणि शेवटच्या पानावर एका गाडीवर ‘विनर’चा शिक्का. किती सोप्पं! बारा-पंधरा लाखांचा निर्णय दीडशे-दोनशे रुपयांत!

पण खरंच?

मी स्वत: लिहून पोट भरते. त्यामुळे मॅगझिनमध्ये छापून आलेल्या गोष्टीवर शंका घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तरीही हा प्रश्न मला फुल सिरियसली घ्यावा लागला, कारण गाडी आमच्याच घरात येणार होती. आणि ती हौसेसाठी येणार नव्हती.

बाबांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. आता काठी घेऊन चालतात, बोलणं स्वच्छ आहे, टोमणे तर पूर्वीइतकेच धारदार आहेत. पण आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी चुकवता येत नाही. आम्ही कोथरूडला, सेंटर डेक्कनला. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण काठी बघून रिक्षावाला पुढे निघून जातो आणि कॅबवाला ‘पाच मिनट’ म्हणून वीस मिनिटांनी राइड कॅन्सल करतो. एकदा पावसात बाबा आणि आई चाळीस मिनिटं फूटपाथवर उभे होते. त्या रात्री दादाने जेवताना जाहीर केलं, ‘गाडी घ्यायची.’ वहिनीने विचारलं, ‘कोणती?’ आणि तिथून आमच्या घरात कम्पॅरिझन टेस्टचं युग सुरू झालं.

नंबर लागण्यापासून नंबर देण्यापर्यंत

बाबांच्या तरुणपणी हा प्रश्नच नव्हता. अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी, आणि डिसेंबर १९८३ नंतर मारुती ८००. ‘कोणती चांगली?’ असं कुणी विचारायचं नाही, ‘नंबर कधी लागेल?’ असं विचारायचे. चित्र पालटलं ते १९९८ मध्ये. त्या एका वर्षात सॅन्ट्रो, मटीझ आणि इंडिका अशा तीन नव्या छोट्या गाड्या बाजारात उतरल्या. आणि योगायोग नाही, पण आपल्याकडची मोठी ऑटो मॅगझिन्सही तेव्हाचीच. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ मधलं, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ मधलं. मूळ ब्रिटिश ‘ऑटोकार’ तर १८९५ पासून निघतंय! चॉइस आला की तुलना आली, आणि तुलना आली की ती करून देणारा कुणीतरी लागतोच.

आज दहा-बारा लाखांच्या बजेटमध्ये डझनभर गाड्या सहज निघतात. त्यातल्या बहुतेक चार मीटरच्या आत, कारण २००६ पासून करात सवलत त्या मापालाच मिळत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा आमची लिस्ट आणखी लांबली. सगळ्यांची लांबी जवळपास सारखी, इंजिनं सारखीच, टचस्क्रीन सारखा. अशा वेळी डोकं चक्रावणार नाही तर काय?

जे आपल्याला जमत नाही

आधी क्रेडिट द्यायचं तिथे देऊ या. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह आठवा. पंधरा मिनिटं. बाजूला सेल्समन, तो सतत बोलतोय. एसी फुल, म्युझिक फुल, रस्ता त्याने ठरवलेला, आणि त्या रस्त्यावर एकही खड्डा नाही. (पुण्यात असा रस्ता शोधून काढणं हेच खरं तर कौतुकास्पद!) दुसरी गाडी तुम्ही पुढच्या शनिवारी चालवता, तोवर पहिलीचं फीलिंग विसरलेलं असतं.

मॅगझिनवाले चारही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकमेकींच्या मागोमाग चालवतात. एकीतून उतरून लगेच दुसरीत. तुलना म्हणजे हीच. शिवाय त्यांच्याकडे उपग्रहावरून वेग मोजणारी यंत्रं असतात. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा कॉलेजच्या पोरांसाठी. आपल्या कामाचा आकडा वेगळाच असतो, आणि तो बऱ्याचदा तक्त्यात कोपऱ्यात छापलेला असतो. तिसऱ्या गिअरमध्ये २० ते ८०, चौथ्यात ४० ते १००. कात्रजच्या घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी कशी वागेल, हे त्यातून कळतं. ताशी ८० वरून पूर्ण थांबायला किती मीटर लागतात, हेही तसंच. शोरूममध्ये हे आपल्याला कोण करू देणार?

मायलेजचंही तेच. जाहिरातीतला आकडा चाचणी केंद्राने प्रमाणित केलेला असतो. आपल्या पुण्यातली एआरएआय, म्हणजे १९६६ पासूनची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, हे काम करते. तो आकडा खोटा नसतो. पण तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या पॅटर्नमध्ये काढलेला असतो. तिथे युनिव्हर्सिटी चौक नसतो! मॅगझिनवाले टाकी काठोकाठ भरतात, ट्रॅफिकमध्ये फिरवतात, पुन्हा भरतात आणि भागाकार करतात. तोच खरा आकडा.

आणि कधीकधी एक मॅगझिन काय करू शकतं, त्याचा किस्सा तर सॉलिड आहे. ऑक्टोबर १९९७. स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ मासिकाने नवी कोरी मर्सिडीझ ए-क्लास त्यांच्या नेहमीच्या चाचणीला घेतली. त्यांच्याकडे रस्त्यात अचानक मूस, म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड प्राणी, आडवा येतो. तो चुकवायला स्टिअरिंग झटकन एकीकडे आणि लगेच उलटीकडे फिरवायचं, अशी ती चाचणी. गाडी चक्क कलंडली! मर्सिडीझने आधी सारवासारव केली, पण शेवटी गाड्या परत बोलावल्या आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा सगळ्या ए-क्लासमध्ये स्टॅण्डर्ड दिली. एका मासिकाच्या एका दुपारमुळे!

ओळींच्या मधलं वाचा

आता नाण्याची दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी एका मासिकाचा नेहमीचा रिपोर्टर आजारी पडला, म्हणून एका कंपनीच्या मीडिया ड्राइव्हला मी गेले होते. विमानाचं तिकीट त्यांचं, रिसॉर्ट त्यांचं, रस्ता त्यांनी आखलेला. सगळ्या गाड्या टॉप मॉडेल, आदल्या रात्री पुसून चकाचक. दोघांत एक गाडी, दीड तास मी, दीड तास तो. कुणीही मला ‘चांगलं लिहा’ म्हटलं नाही. इतक्या छान जेवणानंतर म्हणायची गरजही नसते.

कम्पॅरिझन टेस्ट यापेक्षा बरीच प्रामाणिक असते, कारण तिथे कुणीतरी हरावंच लागतं. पण तिथेही गाड्या बहुतेक वेळा कंपन्यांनीच दिलेल्या असतात, आणि चारही कंपन्यांच्या जाहिराती पुढच्या-मागच्या पानांवर असतात. अमेरिकेतलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६ पासून जाहिरात घेत नाही. टेस्टच्या गाड्या ओळख न देता डीलरकडून विकत घेतं आणि सभासदांना विचारून कोणती गाडी किती बिघडते, याचा हिशोब छापतं. पण त्याचा खर्च वाचक उचलतात. आपल्याला मॅगझिनही केशकर्तनालयात फुकट वाचायचं असतं!

म्हणून हरलेल्या गाडीला कुणी ‘वाईट’ म्हणत नाही. त्यासाठी एक खास भाषा असते. दादाने आणि मी मिळून तिचा शब्दकोशच केलाय. ‘इंजिन रिफाइन्ड आहे, पण थोडी अधिक ताकद आवडली असती’ म्हणजे पाच माणसं आणि एसी लावून सिंहगड चढताना आमेन! ‘राइड किंचित फर्म’ म्हणजे कंबरेचा पट्टा सोबत ठेवा. ‘मागची सीट दोघांसाठी उत्तम’ म्हणजे तिसऱ्याने रिक्षा करावी. ‘प्रॅक्टिकल डिझाइन’ म्हणजे दिसायला बोअर. ही भाषा एकदा कळली की टेस्टमधली अर्धी माहिती विनरच्या नाही, हरलेल्यांच्या परिच्छेदांत सापडते.

काही गोष्टी तर टेस्टमध्ये येऊच शकत नाहीत. चार दिवसांत चार वर्षांचं दुखणं कसं कळणार? क्लच किती टिकतो, सर्व्हिस सेंटरवाला फोन उचलतो की नाही, पार्ट यायला किती दिवस लागतात, हे त्याच मॉडेलच्या मालकालाच विचारावं लागतं. किंमतही एक्स-शोरूम छापलेली असते. त्यावर आरटीओचा टॅक्स आणि इन्शुरन्स चढतो, आणि त्यात २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. ऑन-रोड आकडा ऐकला की ‘बजेट’ हा शब्द विनोदी वाटतो. आणि टेस्टला आलेलं असतं टॉप मॉडेल. सनरूफ, मोठे अलॉय व्हील, सगळं. आपण घेणार मधलं. टायर वेगळे, कधी ब्रेकही वेगळे. मग ते स्टार्स नक्की कुणाचे?

सुरक्षिततेचं तर विचारूच नका. मॅगझिनवाले गाडी भिंतीवर आदळवू शकत नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या पाच लोकप्रिय गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स ताशी ६४ किलोमीटरने आदळवली. मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य स्टार! तोपर्यंत याच गाड्यांच्या तुलना आपण मायलेज आणि स्टिअरिंगवर चवीने वाचत होतो. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप सुरू झालीय. त्यामुळे टेस्ट वाचताना शेजारी क्रॅश रेटिंग ठेवायचं, हा आमच्या घरचा पहिला नियम झाला.

दादाची एक्सेल शीट

दादा आयटीतला. त्याचा देव एक्सेल. त्याने एका टेस्टमधल्या दोन गाड्यांचे मार्क शीटमध्ये भरले. नावं सांगत नाही, कारण तुमची लिस्ट वेगळीच असणार. इंजिन, हँडलिंग, राइड, मागची जागा आणि चढ-उतार, फीचर्स, किंमत असे सहा कॉलम, प्रत्येकी दहापैकी. पहिल्या गाडीला ९, ९, ६, ५, ८, ७. बेरीज ४४. दुसरीला ६, ६, ८, ९, ६, ८. बेरीज ४३. मॅगझिनचा निकाल? पहिली विनर, एका मार्काने.

मग दादाने एकच केलं. ‘आपल्याला काय महत्त्वाचं?’ असं विचारून चढ-उताराला तिप्पट, राइड आणि किमतीला दुप्पट वजन दिलं. बाकी जसंच्या तसं. पहिलीचे झाले ६७. दुसरीचे ७७! मार्क तेच, मोजमाप तेच, टेस्टरही तोच. पण एका मार्काने हरणारी गाडी दहा मार्कांनी जिंकली.

मला वाटतं, कम्पॅरिझन टेस्टचं सगळं सार या एका शीटमध्ये आहे. टेस्टरचे कान-डोळे आपल्यापेक्षा तयार असतात, त्यामुळे त्याचे मार्क घ्यावेत. पण त्याची आवड घेऊ नये. त्याला रविवारी पहाटे रिकाम्या ताम्हिणीत वळणं घ्यायला आवडतात. तुम्हाला सोमवारी नऊ वाजता हिंजवडीला पोचायचंय. तो गाडी चालवण्यासाठी चालवतो, आपण कुठेतरी जाण्यासाठी.

शीटने आणखी एक भ्रम फोडला. मायलेजचा. आपल्याकडे दोन किलोमीटरच्या फरकावरून लोक भांडतात. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरा. १४ देणारी गाडी वर्षाला साधारण ७१४ लिटर पिते, १६ देणारी ६२५. फरक ८९ लिटरचा, म्हणजे महिन्याला साडेसातशेच्या आत. तोच दोनचा फरक २० आणि २२ मध्ये असेल तर वर्षाला जेमतेम ४५ लिटर, म्हणजे महिन्याला पावणेचारशे रुपये. त्यासाठी न आवडलेली गाडी घ्यायची, आणि वर सनरूफसाठी लाखभर जास्त मोजायचे? हे गणित मला तरी झेपत नाही.

टेप घेऊन शोरूममध्ये

एवढं होऊनही एक कॉलम रिकामाच होता. तो कुठल्याच मॅगझिनमध्ये नव्हता. फिजिओने सांगितलं होतं की बाबांनी गाडीत आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत घ्यायचे. त्यासाठी सीट जमिनीपासून त्यांच्या पलंगाइतकीच उंच हवी. फार खाली असेल तर उठवत नाही. मोठ्या एसयूव्हीसारखी फार उंच असेल तर टेकवत नाही. पलंग मोजला, २३ इंच. दादा टेप घेऊन शोरूममध्ये शिरला.

सेल्समनने आधी ‘सर, ग्राउंड क्लिअरन्स...’ म्हणून सुरुवात केली. दादा म्हणाला, ‘ते कळलं. दार किती उघडतं, ते दाखवा.’ दाराचा कोन, खालच्या पट्टीची उंची, सीटची उंची, डिकीत फोल्डिंग व्हीलचेअर आडवी बसते का उभी. डिकी किती लिटरची, हे मॅगझिनमध्ये होतं. पण व्हीलचेअर लिटरमध्ये मोजत नाहीत ना! सीएनजीचा विचार आम्ही तिथेच सोडला. आम्ही पाहिलेल्या मॉडेलमध्ये टाकी बसवल्यावर चेअरला जागाच उरत नव्हती.

विनर गाडीत बाबा बसले. म्हणजे दादाने त्यांना जवळजवळ सोडलं. सीट १९ इंचांवर होती. उठताना त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट पकडली, दोनदा प्रयत्न केला आणि मग कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘राहू दे रे, मी रिक्षाने जाईन.’ शोरूममध्ये एकदम शांतता. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी हँडलिंगचे नऊ मार्क कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हते.

दुसऱ्या शोरूममध्ये ४३ मार्कवाली. सीट २३ इंच, अगदी पलंगाएवढी. बाबा पाठमोरे टेकले, डावा पाय आत घेतला, उजवा हाताने उचलून ठेवला आणि दार स्वत: ओढून लावलं. स्वत:! मग काच खाली करून दादाला म्हणाले, ‘काय रे, कुठे सोडू तुला?’ वहिनीने डोळे पुसल्याचं मी पाहिलं. ती नाही म्हणते.

तीच घेतली. दोन महिने झाले. बाबांची फिजिओची एकही खेप चुकलेली नाही. घाटात ती जरा धापा टाकते, टेस्टमध्ये लिहिलं होतं तश्शीच. शहरात मायलेजही त्यांनी दिलेल्या आकड्याच्या आसपासच मिळतं. म्हणजे टेस्ट चुकीची नव्हतीच. तिने आम्हाला बारा गाड्यांवरून दोनवर आणलं, काय मिळेल आणि काय मिळणार नाही ते आधीच सांगितलं. शेवटचं पाऊल तेवढं आमचं होतं.

तेव्हा टेस्ट जरूर वाचा. एक नाही, तीन वाचा. तिघांनी एकच तक्रार केली असेल तर ती खरी समजा. विनरचं पान सगळ्यात शेवटी उघडा. स्वत:चं वजन देऊन मार्क पुन्हा मांडा. त्या गाडीच्या दोन मालकांना गाठून सर्व्हिसबद्दल विचारा. आणि गाडीत ज्याला बसायला सगळ्यात जास्त त्रास होतो, मग ते आजी असोत, प्रेग्नंट बायको असो की सव्वासहा फुटी नवरा, त्याला शोरूममध्ये सगळ्यात आधी न्या.

हा लेख लिहितेय म्हटल्यावर बाबांनी विचारलं, ‘त्या मासिकवाल्यांपैकी कुणी ओळखीचं आहे का तुझ्या?’ मी म्हटलं, ‘आहेत एक-दोघं. का हो, बाबा?’

‘त्यांना सांग, पुढच्या टेस्टला एक म्हातारा बरोबर न्या. मी मोकळाच असतो. फक्त मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सोडून.’